रिबिनी विकणाऱ्या आईचा मुलगा : अथेन्सची लोकशाही खरी होती का?

प्रश्न असा आहे : ‘लोकशाही अथेन्समध्ये जन्मली असं शाळेत शिकवतात. पण तिथं बायकांना मत नव्हतं आणि माणसं बाजारात विकली जात होती. मग ती लोकशाही खरी की नावापुरती? आणि तिथल्या साध्या माणसाचं रोजचं जगणं कसं होतं?’

प्राचीन जगाचा इतिहास मी सत्तावीस वर्षं मराठीतून शिकवला. हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी वर्गात आला. विचारणाऱ्या मुलामुलींना मनापासून अडचण वाटत असे, कारण पुस्तकातलं कौतुक आणि त्याच पुस्तकातली गुलामगिरी त्यांना एकमेकांशेजारी ठेवता येत नसे. माझं उत्तर आधी सांगून टाकतो. ती लोकशाही खरी होती. ज्यांची ती होती त्यांच्या हातात आजच्या मतदाराच्या कितीतरी पट सत्ता होती. आणि आत असण्याला एवढं मोल होतं म्हणूनच आत कोण आणि बाहेर कोण, यावरून तिथं जिवाच्या आकांतानं भांडणं होत.

हे समजून घ्यायला प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटलपासून सुरुवात करू नका. एका खटल्यापासून करा.

इ.स.पू. 346-45 मध्ये अथेन्सच्या सभेनं ठराव केला की प्रत्येक डीमनं आपली नागरिकांची नोंदवही तपासावी. डीम म्हणजे गाव किंवा शहरातली पेठ. अथेन्सच्या राज्यात अशी 139 होती. एकेक नाव मोठ्यानं वाचायचं, शपथ घेऊन मत टाकायचं, ज्याच्याबद्दल संशय असेल त्याचं नाव काढून टाकायचं. हालिमूस नावाच्या डीममध्ये, शहरापासून 35 स्टेडिया म्हणजे सहा-सात किलोमीटरवर, युक्सिथिओस नावाच्या माणसाचं नाव असंच काढलं गेलं. तो न्यायालयात गेला. त्याचं भाषण अथेन्सचा नामवंत वक्ता डेमोस्थेनिस याच्या भाषणांमध्ये टिकून राहिलं आहे.

त्याची तक्रार वाचताना ग्रामपंचायतीची एखादी वादळी सभा डोळ्यांसमोर येते. डीमची नोंदवही त्या वेळी ज्याच्या हातात होती त्या युबुलिडिसशी त्याचं जुनं वैर. त्यानं सभा गावात न घेता शहरात बोलावली. शपथ घेतलेले सभासद 73. दिवसभर भाषणं आणि ठराव यांत वेळ काढला. म्हातारी मंडळी अंधार पडायच्या आत घर गाठायला निघून गेली. मग युक्सिथिओसचं नाव पुकारलं. तोवर तीसच्या आसपास माणसं उरली होती, आणि मतं मोजली तर साठाच्या वर भरली. काहींच्या हातात दोन-दोन, तीन-तीन मतखडे दिले होते, असं तो सांगतो. उद्यापर्यंत थांबा, नातेवाईक आणि साक्षीदार आणतो, ही विनंती कुणी ऐकली नाही.

त्याच्यावर आरोप दोन. वडील परक्या हेलानं बोलत, म्हणून ते परके असणार. आणि आई बाजारात रिबिनी विकते, एके काळी तिनं दुसऱ्याच्या घरी दाईचं काम केलं, म्हणून ती दासी किंवा परकी असणार. हा खटला हरला तर त्याचं नागरिकत्व जाणार, आणि कायद्याप्रमाणे राज्य त्याला गुलाम म्हणून विकणार.

या एका माणसाच्या अडचणीत नगरराज्याचं सगळं जगणं सापडतं. म्हणून त्याचेच धागे धरून पुढं जाऊ.

पहिला धागा नोंदवहीचा. ग्रीक शब्द ‘पोलिस’, म्हणजे नगरराज्य. (आपला ‘पोलीस’ हा शब्दही लांबच्या वळणानं तिथूनच आलेला आहे.) काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापासून सिसिली आणि थेट आजच्या मार्सेपर्यंत अशी हजारावर नगरराज्यं होती, त्यातली बहुतेक आपल्या तालुक्याहून लहान. अथेन्स त्या मानानं प्रचंड. अ‍ॅटिकाचा प्रदेश सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचा. पण राज्य म्हणजे जमीन, असं ग्रीक मानत नसत. कागदोपत्री ते ‘अथेन्स’ असं लिहीत नसत, ‘अथेनियन’ असं लिहीत. युद्ध पुकारायचं ते अथेनियनांनी, तह करायचा तो अथेनियनांनी. राज्य म्हणजे माणसांची मोजलेली मंडळी. मुलांना मी ‘गावकी’ हा शब्द वापरून समजावत असे. गावात राहणं वेगळं आणि गावकीत असणं वेगळं, हे त्यांना लगेच कळे.

इ.स.पू. 508-07 मध्ये क्लेइस्थेनिसनं डीमची ही व्यवस्था लावली. त्या दिवशी माणूस जिथं राहत होता ती त्याची डीम, आणि पुढं वंशपरंपरेनं तीच. नातू शहरात राहायला गेला तरी डीम आजोबांचीच. मुंबईत तीन पिढ्या काढलेला माणूस ‘गाव कुठलं?’ म्हटल्यावर कोकणातलं नाव सांगतो, तसं. पेरिक्लिसनं इ.स.पू. 451-50 मध्ये अट आणखी आवळली : आई आणि वडील दोघंही अथेनियन हवेत. मुलगा अठरा वर्षांचा झाला की डीमची सभा त्याचं वय आणि जन्म तपासून मतदान करी. पुढं तो आर्खॉन, म्हणजे राज्यातल्या नऊ मानाच्या अधिकाऱ्यांपैकी एक, म्हणून निवडला गेला तर त्याला विचारत : वडील कोण, कुठल्या डीमचे? वडिलांचे वडील? आई कोण, तिचे वडील कोण? तुमच्या घराण्याचा अपोलो आणि अंगणाचा झ्यूस कुठं आहे? पूर्वजांच्या कबरी कुठं आहेत? आईवडिलांना नीट वागवतोस का? लढाईवर गेला होतास का? शिक्षण किती, हा प्रश्न यादीत नाही. मालमत्तेची जुनी अट कायद्यात होती, पण चौथ्या शतकात ती कुणी लावत नसे. कुळ, देव, कबरी आणि कर्तव्य, एवढंच विचारत.

आता दुसरं. एकदा आत आलात की हाती काय येई? प्निक्सच्या टेकडीवर वर्षाला चाळीस सभा. नागरिकत्व देण्यासारख्या काही निर्णयांना 6,000 जणांची उपस्थिती लागे. चौथ्या शतकात प्रौढ पुरुष नागरिक साधारण तीस हजार धरले, तर पाचातला एक माणूस एका सकाळी टेकडीवर बसलेला आहे असं समजा. 500 जणांची परिषद चिठ्ठीनं निवडली जाई आणि आयुष्यात दोनदाच तिथं बसता येई. त्यामुळे माणसं सतत बदलत राहत, आणि नागरिकांतल्या फार मोठ्या भागाला कधी ना कधी तिथं बसावं लागे. परिषदेतल्या पन्नासांची तुकडी पाळीपाळीनं दैनंदिन कारभार बघे, आणि तिचा अध्यक्ष रोज नवा, तोही चिठ्ठीनं. त्या एका दिवस-रात्रीपुरत्या राज्याची मोहोर आणि देवळांच्या खजिन्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. शेतकरी, चांभार, कुणीही. सोक्रेटिस इ.स.पू. 406 मध्ये या पन्नासांत होता, आणि आरमारी लढाईनंतर बुडणाऱ्या आपल्या माणसांना न वाचवल्याबद्दल सेनापतींना एकत्र दोषी ठरवण्याचा बेकायदा ठराव मतास टाकायला त्यानं नकार दिला. सभा त्या दिवशी ओरडत होती आणि ठराव शेवटी झालाच. लोकांच्या हातात सत्ता खरी होती, म्हणून त्यांच्या हातून झालेली चूकही खरी होती, आणि ती माणसांच्या जिवावर बेतली. हे झाकून अथेन्सचं कौतुक करणं मला कधी पटलं नाही.

युक्सिथिओस ज्या न्यायालयापुढं उभा राहिला तिथं न्यायाधीश नव्हता आणि वकीलही नव्हता. होते ते चिठ्ठीनं निवडलेले शेकडो नागरिक, कधी 201, कधी 501, कधी त्याहून जास्त. दर वर्षी तिशी ओलांडलेल्या 6,000 जणांची यादी होई. चौथ्या शतकात त्यांतून कुणी कुठं बसायचं हे त्याच सकाळी ठरे. अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात ते ठरवायचं यंत्र पाहताना मी बराच वेळ उभा राहिलो होतो. संगमरवराची उभी शिळा, तिच्यात ओळीनं बारीक खाचा. प्रत्येकानं आपली नावाची पट्टी खाचेत बसवायची. बाजूच्या नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे. पांढरा आला तर ती अख्खी ओळ आज न्यायाला बसणार, काळा आला तर घरी. आपण कुठल्या खटल्यात बसू हे आदल्या रात्री कुणालाच माहीत नसल्यावर लाच द्यायची तरी कुणाला? या पट्ट्यांवर माणसाचं नाव, बापाचं नाव, डीम. काही पट्ट्या कबरींमध्ये सापडल्या. माणसाबरोबर पुरावी इतकी ती वस्तू जिवाभावाची होती.

बोलायला वेळ मिळे तो पाण्याच्या घड्याळावर. अगोरात सापडलेलं मातीचं एक भांडं सहा मिनिटांत रिकामं होतं. दोन्ही बाजू बोलल्या की चर्चा न करता लगेच मतदान. प्रत्येकाला कांस्याच्या दोन चकत्या. एकीचा दांडा पोकळ, दुसरीचा भरीव. पोकळ ती वादीची, भरीव ती प्रतिवादीची. अंगठा आणि बोटानं दांड्याची टोकं झाकून टाकायची, म्हणजे तुम्ही कुणाच्या बाजूनं होता हे शेजाऱ्यालाही कळत नाही. यासाठी दिवसाला तीन ओबोल मिळत, म्हणजे अर्धी द्राख्मा. कुशल कारागिराची पाचव्या शतकाअखेरची मजुरी दिवसाला एक द्राख्मा होती, त्यामुळे यात कुणी श्रीमंत होत नसे. पण हातपाय थकलेल्या गरीब म्हाताऱ्याला तेवढ्यावर दिवस निभावता येई. अथेन्सच्या श्रीमंतांना या तीन ओबोलांचा राग होता, आणि त्या रागाचं कारण मला नेहमी स्पष्ट वाटत आलं आहे : पैसे दिले नाहीत तर न्यायाला फक्त रिकामा वेळ असलेले बसतात.

गरिबांना ही जागा कुणी दया म्हणून दिलेली नव्हती. तीन ओळी वल्ह्यांच्या एका त्रिरेम जहाजाला 170 वल्हेकरी लागत. अथेन्सचं साम्राज्य या वल्ह्यांवर उभं होतं. ज्यांना चिलखत घेणं परवडत नव्हतं अशा हजारो नागरिकांनी इ.स.पू. 480 मध्ये सॅलॅमिसच्या खाडीत इराणी आरमार मोडलं. त्यानंतर त्यांना सभेतून हुसकून लावणं सोपं राहिलं नाही. स्वतः लोकशाहीचा द्वेष करणाऱ्या त्या काळच्या एका अनामिक लेखकानंही मान्य केलं आहे की जहाजं चालवणाऱ्यांनाच जास्त वाटा मिळणं रास्त आहे.

आता वडिलांच्या हेलाकडे वळू.

युक्सिथिओसचे वडील अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपनेशियन युद्धाच्या शेवटच्या काळात शत्रूच्या हाती सापडले, विकले गेले आणि ल्यूकास बेटावर नेले गेले. बऱ्याच वर्षांनी क्लेआंड्रॉस नावाच्या नटाशी गाठ पडली आणि त्याच्यामुळे ते घरी परतले. तोवर जिभेवर तिकडचा हेल बसला होता. म्हणजे शुद्ध अथेनियन बापाचा मुलगा नागरिकत्व गमावू पाहतो, कारण बाप काही वर्षं गुलाम होता. ग्रीक माणूस गुलामगिरीबद्दल बोलतो तेव्हा ती दुसऱ्या कुणाची गोष्ट नसते. एक लढाई हरली, एक जहाज चाच्यांनी पकडलं, की उद्या आपणच बाजारातल्या ओट्यावर.

याची सुरुवात दोन-अडीच शतकं मागं जाते. इ.स.पू. 594 च्या सुमारास सोलोननं कर्जापायी अथेनियन माणसाला गुलाम करणं बंद केलं, आधीची कर्जं रद्द केली, परदेशात विकलेल्यांना परत आणलं. ग्रीक इतिहासातल्या मोठ्या सुटकेच्या क्षणांपैकी हा एक आहे. पण श्रीमंताच्या शेतात, घरात, खाणीत राबायला माणसं तर हवीच होती. आपला माणूस राबवता येईना, तेव्हा बाहेरची माणसं विकत आणली. थ्रेस, सिथिया, कॅरिया, सीरिया, इलिरिया. अथेन्सचा गरीब जसजसा मोकळा होत गेला तसतसे परके गुलाम वाढत गेले. या दोन गोष्टी एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत. वर्गात हे सांगितलं की काही क्षण कुणीच बोलत नसे.

मुलांना मी एक यादी वाचून दाखवत असे. इ.स.पू. 415 मध्ये हर्मिस देवाच्या मूर्ती फोडल्याच्या आणि धर्मविधींची विटंबना केल्याच्या प्रकरणात दोषी ठरलेल्यांची मालमत्ता पुढच्या वर्षी लिलावात विकली, आणि हिशेब दगडावर कोरला. त्यांत पायरिअस बंदरात राहणाऱ्या केफिसोडोरोस नावाच्या माणसाचे सोळा गुलाम आहेत. थ्रेसची बाई, 165 द्राख्मा. सीरियन पुरुष, 240. कॅरियाचा मुलगा, 174. कॅरियाचंच लहान मूल, 72. नावं नाहीत, देश आणि किंमत. त्या लहान मुलाची किंमत म्हणजे गवंड्याची बहात्तर दिवसांची मजुरी. मालक केफिसोडोरोस स्वतःही नागरिक नव्हता, तो परका रहिवासी होता.

त्याच दशकात अक्रोपोलिसवर एरेख्थिऑनचं देऊळ बांधलं जात होतं आणि त्याचेही हिशेब दगडावर आहेत. खांबांवर खोबणी कोरणाऱ्या गटांत नागरिक, परके रहिवासी आणि गुलाम शेजारी-शेजारी काम करतात आणि तिघांनाही दिवसाला एक द्राख्मा मिळते. गुलामाची द्राख्मा मात्र मालकाकडे जाई. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत असं शेजारीपण नव्हतं. सेनापती निकिअसकडे हजार गुलाम होते आणि ते तो खाणीत रोज माणशी एक ओबोल भाड्यानं देई, हे झेनोफन सांगतो. स्पार्टाच्या सैन्यानं इ.स.पू. 413 मध्ये अ‍ॅटिकातल्या डेकेलिआला तळ ठोकला तेव्हा अथेन्सचे वीस हजारांहून जास्त गुलाम पळून गेले, असं त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस यानं लिहून ठेवलं आहे. त्यातले पुष्कळ हातकाम जाणणारे कारागीर होते. मालक चांगला असेल तर गुलाम सुखी असे, असं कुणी सांगितलं की मी हा आकडा त्यांच्यापुढं ठेवतो. न्यायालयात गुलामाची साक्ष ग्राह्य धरायची तर ती छळ करूनच घेतलेली असावी लागे.

परके रहिवासी, ‘मेटिक’, यांची गोष्ट वेगळी. पुरुषाला वर्षाला 12 द्राख्मा कर, नागरिक असलेला एक पाठीराखा, लढाईवर जाण्याची सक्ती. पण जमीन घेता येत नाही, मत नाही. बँका, ढालींचे कारखाने, गलबतांचा व्यापार बऱ्याच अंशी त्यांच्या हातात. नागरिक म्हणजे कोण याची व्याख्या करणारा अ‍ॅरिस्टॉटल स्टॅगिराचा. अथेन्समध्ये तो मेटिकच होता.

आईचा धागा सर्वांत नाजूक, आणि याबाबत पुस्तकांत फार सरधोपट लिहिलं जातं. कायदा पाहिला तर अथेन्सची बाई जन्मभर कुणाच्या तरी ताब्यात : आधी बाप, मग नवरा, मग मुलगा. एका मेडिम्नोस जवाच्या, म्हणजे सुमारे 52 लिटर मापाच्या पलीकडचा व्यवहार तिला स्वतः करता येत नसे. भाऊ नसलेली मुलगी बापाच्या मालमत्तेबरोबर जवळच्या चुलत नातेवाइकाकडे जाई, म्हणजे घर भाऊबंदांच्या बाहेर जाऊ नये. लग्न चौदा-पंधराव्या वर्षी, तिशीतल्या पुरुषाशी. घटस्फोट झाला तर हुंडा परत, नाही दिला तर त्यावर 18 टक्के व्याज. हुंडा तिच्या माहेरचा, तोच तिचा आधार.

पण घरात काय चालत होतं ते न्यायालयातल्या भाषणांतून डोकावतं. लिसिअसनं लिहून दिलेल्या एका भाषणातला युफिलेटोस आपलं छोटं दुमजली घर सांगतो. वरचा मजला बायकांचा, खालचा पुरुषांचा. मूल झालं, बाळाला धुवायला बायकोला शिडी उतरावी लागे, पडायची भीती; म्हणून दोघांनी मजले बदलले. तेवढ्या एका वाक्यात मला त्या घराची रात्र दिसते, रडणारं बाळ, दिवा, शिडी. भाषण एका खुनाबद्दल आहे, पण ही शिडी मी विसरलेलो नाही.

गरीब घरांत मजलेच नव्हते. गरिबांच्या बायकांना बाहेर पडण्यापासून अडवणार तरी कसं, असं अ‍ॅरिस्टॉटलनंच विचारलं आहे. पाणी आणायला, शेतावर, बाजारात, बाळंतपणं करायला, त्या सगळीकडे होत्या. युक्सिथिओसची आई रिबिनी विकत होती, हे तो कबूल करतो. नवरा मोहिमेवर, घरात दोन मुलं, म्हणून तिनं दुसऱ्याचं मूल पाजलं, हेही तो सांगतो. आणि मग कायदा पुढं करतो : बाजारात काम करण्यावरून कुठल्याही नागरिक पुरुषाला किंवा स्त्रीला हिणवणं हा गुन्हा आहे. ती परकी असती तर परक्यांकडून बाजारात जो कर घेतात त्याच्या यादीत तिचं नाव दाखवा, असं तो म्हणतो. गरिबी हा जन्माचा पुरावा होऊ शकत नाही, हे त्याच्या युक्तिवादाचं मर्म आहे.

बाईचं मत नव्हतं, पण तिच्या पोटी जन्मल्याशिवाय कुणाला मत नव्हतं. पेरिक्लिसच्या कायद्यानं हे असं करून ठेवलं. म्हणून साक्षीला तिच्या माहेरचे भाऊ, पुतणे, त्यांच्या कबरी, सगळं काढावं लागे. आणि धर्मात तिची जागा पक्की होती. नगराची देवी अथेना पोलिआस हिची पुजारीण लिसिमाखे चौसष्ट वर्षं त्या पदावर होती. थेस्मोफोरिआचा तीन दिवसांचा सण फक्त बायकांचा, पुरुषांना मज्जाव.

रोजच्या जगण्याबद्दल तुम्ही विचारलंत. आपल्याला ते फार परकं वाटणार नाही. ग्रीक जेवणाचे दोन भाग : ‘सितोस’ आणि ‘ओप्सोन’. आपल्या भाषेत भाकरी आणि कालवण. भाकरीच्या जागी बहुधा जवाचं पीठ मळून केलेला गोळा. गव्हाची रोटी सणासुदीची. कालवण म्हणजे ऑलिव्ह, कांदा, चीज, खारवलेली मासळी. मटण बहुतेकांना देवाला बळी दिला की त्याचा वाटा म्हणून मिळे. भाकरी सोडून नुसतं कालवण खाणाऱ्या एका तरुणाला सोक्रेटिसनं टोकल्याचं झेनोफन सांगतो, आणि हे वाचून आमच्या वर्गातल्या सगळ्यांना आपापली आजी आठवत असे.

अ‍ॅटिकाच्या खडकाळ जमिनीत जव येई, गहू पुरेसा येत नसे. तो काळ्या समुद्रापलीकडून जहाजानं यायचा. म्हणून दर पाळीच्या मुख्य सभेत धान्याचा विषय घ्यावाच लागे. अधिकारी बाजारात फिरून बघत की जव ज्या भावानं आला त्या मानानं पीठ विकलं जातंय का, गव्हाच्या मानानं रोटीचं वजन बरोबर आहे का. दुसरे दहा अधिकारी रस्त्यांवर लक्ष ठेवत : मैला वाहणाऱ्यांनी तो तटापासून दहा स्टेडियांच्या आत टाकू नये, घराच्या वरच्या मोरीचं पाणी रस्त्यावर सोडू नये, रस्त्यात मेलेल्या बेवारस माणसाला उचलावं. पार्थेनॉनच्या पायथ्याशी अरुंद बोळ होते, कच्च्या विटांच्या भिंती होत्या, आणि इ.स.पू. 430 मध्ये स्पार्टाच्या स्वारीच्या भीतीनं खेड्यातली माणसं तटाच्या आत दाटली तेव्हा साथ आली ती याच बोळांत.

सगळी नगरराज्यं अथेन्ससारखी नव्हती, हेही सांगायला हवं. स्पार्टात नागरिकांनी एकमेकांना ‘सारखे’ म्हणायचं. सातव्या वर्षी मुलगा घरातून लष्करी शिक्षणाला. मोठेपणी रोज रात्री सामायिक पंगतीत जेवायचं, आणि आपल्या वाट्याचं जवाचं पीठ, द्राक्षमद्य, चीज, अंजीर द्यायचं. ज्याला देणं जमलं नाही तो नागरिकांतून बाहेर. त्यांची जमीन कसत ते हेलोट, जिंकलेल्या मेसेनियाचे आणि लॅकोनियाचे लोक. दर वर्षी पाच एफोर, म्हणजे वर्षापुरते निवडलेले अधिकारी, पदावर येताच हेलोटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारलं तर पाप लागू नये. इतिहासकार हेरोडोटसच्या हिशेबानं इ.स.पू. 480 मध्ये आठ हजार स्पार्टन होते. अ‍ॅरिस्टॉटल लिहितो तोवर हजारसुद्धा उरले नव्हते. गरीब झालेल्याला बाहेर काढत गेलं की हेच होणार. युक्सिथिओसचं घर स्पार्टात असतं तर हा खटला उभाच राहिला नसता. पंगतीचा वाटा थकला त्या दिवशीच नाव गेलं असतं.

उलट, स्पार्टाच्या बायकांच्या हाती जमीन होती, दोन-पंचमांश, असं अ‍ॅरिस्टॉटल नाराजीनं नोंदवतो. राजघराण्यातल्या किनिस्काच्या घोड्यांनी ऑलिम्पियातली रथशर्यत दोनदा जिंकली. आणि क्रीटमधल्या गॉर्टिनचा कायदा, इ.स.पू. पाचव्या शतकातला, भिंतीवर कोरलेला आजही उभा आहे. त्याच्या ओळी बैल नांगराचं तास पालटतात तशा आधी एका दिशेनं आणि मग उलट्या दिशेनं जातात. त्यांत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा आहे, आणि घटस्फोटात बाईनं स्वतःचं धन आणि स्वतः विणलेल्या कापडाचा निम्मा भाग घेऊन जावं असं लिहिलं आहे. विणलेल्या कापडाचा विचार करणारा कायदा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पुन्हा युक्सिथिओसकडे. तो ज्या शेकडो माणसांपुढं उभा आहे त्यांच्यातही तीन ओबोलांसाठी आलेले असतील, कुणाची आई बाजारात भाजी विकत असेल, कुणाचा भाऊ जहाजावरून परत आला नसेल. त्याचा सगळा भरवसा त्यांच्यावर आहे. तो वडिलांचे नातेवाईक साक्षीला उभे करतो, मग आईचे. आपण हेराक्लिसच्या पूजेसाठी चिठ्ठीत उभे राहिलो होतो, डीमचे प्रमुखही होतो, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, हे सांगतो. शेवटी तो फक्त आईबद्दल बोलतो. वडील गेलेले आहेत. आईला आमच्या पूर्वजांच्या कबरीत पुरण्याचा माझा हक्क मला परत द्या, म्हणतो. आणि हरलो, तर देश सोडून जाण्यापेक्षा मी जीव देईन, म्हणजे निदान माझ्या माणसांच्या हातून याच मातीत पुरला जाईन, एवढं बोलून तो खाली बसतो.